सर्टिफिकेट मिळाले, पण बोलणार कधी?

मोबाईलवरच्या छोट्या कोर्समध्ये चर्चा कशी जिवंत करावी, याचा आम्हांला मिळालेला धडा

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत एक मुलगी आईला घेऊन आली. आई महापालिकेच्या शाळेत खिचडी शिजवते, वडील रंगकामावर जातात. मुलीच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले सर्टिफिकेट होते. ते आम्हीच दिलेले होते. पोषण आहारावरचा चार आठवड्यांचा मोबाईलवरचा कोर्स. शेवटच्या चाचणीत तिला वीसपैकी अठरा गुण होते.

ते सर्टिफिकेट घेऊन ती एका पाळणाघरात मुलाखतीला गेली होती. तिथल्या बाईंनी तिला साधाच प्रश्न विचारला : "वस्तीतल्या एका आईच्या अंगात रक्त कमी आहे. तू तिच्याशी काय बोलशील?" मुलगी म्हणाली, "लोहयुक्त आहार घ्यावा." बाईंनी पुढे विचारले, "बरं, पण आधी तिला काय विचारशील?" मुलगी गप्प झाली. घामाघूम झाली आणि उठून आली.

आई आमच्यातल्या सिस्टरांना म्हणाली, "सिस्टर, पोरगी रात्री अकरापर्यंत मोबाईल घेऊन बसायची. सगळं पाठ केलं तिनं. पण चार माणसांत तोंड उघडत नाही. मग तुम्ही शिकवलं तरी काय?"

माउली रागाने बोलली नाही, काळजीने बोलली. म्हणूनच ते आम्हांला जास्त लागले.

आम्ही म्हणजे तिघे जण. एक निवृत्त शिक्षक, दवाखान्यातल्या एक सिस्टर आणि रेल्वेत नोकरी करणारा एक तरुण, जो मोबाईलची बाजू सांभाळतो. त्या रात्री आम्ही तिघांनी कोर्सच्या ग्रुपवरचे चार आठवड्यांचे सगळे बोलणे पहिल्यापासून वाचून काढले. "छान माहिती." "धन्यवाद सिस्टर." "जयभीम." अंगठे, जोडलेले हात, फुले. पस्तीस-चाळीस मुली आणि बाया, पण एकीनेही दुसरीला उत्तर दिलेले नव्हते. आम्ही विचारले होते, "लोहयुक्त पदार्थांची नावे लिहा." पहिलीने लिहिले, पालक, बीट, गूळ, खजूर. दुसरीने लिहिले, पालक, गूळ, बीट, खजूर. तिसरीने अंगठा दाखवला. त्यापुढे बोलायला उरलेच काय होते?

चूक त्या मुलींची नव्हती. प्रश्नच मेलेला होता.

चर्चेचा कोपरा रिकामा का राहतो?

आज आपल्या घराघरांतली मुले मोबाईलवरून काही ना काही शिकत आहेत. कोणी संगणकाचा, कोणी इंग्रजी बोलण्याचा, कोणी टॅलीचा कोर्स करतो. केंद्र सरकारने ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' सुरू केले. त्यावरचे कोर्स चार खांबांवर उभे असतात : व्हिडिओवरची व्याख्याने, वाचण्याचे साहित्य, स्वतःची परीक्षा घेणाऱ्या चाचण्या आणि चर्चेसाठी राखलेली जागा. शिकणे फुकट, सर्टिफिकेटसाठी परीक्षा द्यायची असेल तर फी. आय.आय.टी. आणि बंगळुरूच्या विज्ञान संस्थेने मिळून चालवलेल्या 'एनपीटीईएल'चे कोर्स चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात. आमचा छोटा कोर्स आम्ही याच धर्तीवर बांधला होता.

या चार खांबांपैकी तीन आपली मुले धरतात. चौथ्या खांबाकडे, म्हणजे चर्चेकडे, फारसे कोणी फिरकत नाही. गुण तिथे नसतात, मग तिथे वेळ कशाला घालवायचा, असा हिशेब असतो.

खरे तर खुल्या कोर्सची सुरुवात बोलण्यातूनच झाली होती. २००८ साली कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स या दोघांनी सर्वांना खुला असा एक अभ्यासक्रम चालवला. फी भरून बसलेले विद्यार्थी होते सुमारे २५ आणि इंटरनेटवरून फुकट सामील झालेले २,२०० च्या आसपास. त्या अभ्यासक्रमाचा जीव विद्यार्थ्यांच्या आपापसांतल्या बोलण्यात होता. पुढे २०११ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका कोर्सला सुमारे १,६०,००० लोकांनी नाव नोंदवले. तो पुरा केला वीस-बावीस हजारांनी. २०१२ साली 'कोर्सेरा' आणि 'एडएक्स' आले. गर्दी वाढत गेली तसे व्हिडिओ आणि चाचणी पुढे आली आणि बोलणे मागे पडले. चाचणी संगणक तपासतो. माणसाचे म्हणणे ऐकायला मात्र माणूस लागतो.

पण बोलल्याशिवाय शिकलेले पक्के होत नाही, हे आपल्या आयाबायांना कोणी सांगायला नको. शिलाई मशीनवर बसलेली बाई पोरीला नुसते दाखवत नाही. "असं का केलं सांग बघू," म्हणून विचारते. सांगता आले म्हणजे कळले.

चार आठवडे म्हणजे किती?

वर्षभराच्या वर्गात मुले हळूहळू ओळखीची होतात. डबा वाटून खातात, भांडतात, पुन्हा बोलतात. दिवाळीपर्यंत सर्वांत गप्प मुलगासुद्धा एखादा प्रश्न विचारतो. चार आठवड्यांच्या कोर्सला दिवाळी नसते. पहिला आठवडा पासवर्ड आणि लिंक सापडण्यात जातो. दुसऱ्या आठवड्यात पाठ सुरू होतात. तिसऱ्यात कोणाच्या घरी लग्न, कोणाचे मूल आजारी. चौथ्यात सगळे परीक्षेच्या मागे. ओळख होण्याआधीच कोर्स संपतो.

ऑनलाईन शिकवण्याचा अभ्यास केलेल्या गिली सॅमन या इंग्रज विदुषीने २००० साली आपल्या पुस्तकात पाच पायऱ्या मांडल्या. पहिली पायरी, आत येता येणे. दुसरी, एकमेकांची ओळख होणे. तिसरी, माहितीची देवाणघेवाण. चौथी, मिळून नवा विचार घडवणे. पाचवी, तो आपल्या जगण्याला लावून पाहणे. आम्ही काय केले होते? पहिल्या दोन पायऱ्या गाळून एकदम तिसरीवर उडी मारायला सांगितले होते. म्हणून सगळ्या जणी तिथेच अडकल्या.

त्याच सुमारास कॅनडातल्या गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या तीन प्राध्यापकांनी सांगितले की, दूरवरून शिकताना तीन प्रकारची हजेरी लागते. माणूस म्हणून हजेरी, विचाराची हजेरी आणि शिक्षकाची हजेरी. विद्यार्थ्यांचे लिखाण तपासताना त्यांना असेही दिसले की, प्रश्न उभा राहतो, त्याभोवती चाचपणीही पुष्कळ होते, पण चार मते जोडून निष्कर्षापर्यंत पोचणारे बोलणे फार थोडे असते. तिथपर्यंत न्यायला कोणीतरी हात धरावा लागतो.

आडनावाची भीती

याशिवाय आपल्या मुलांच्या वाट्याला येणाऱ्या काही अडचणी वेगळ्या आहेत. त्या पुस्तकात सापडत नाहीत, पण घरात दिसतात.

पहिली अडचण मोबाईलची. घरात फोन एक आणि शिकणारी भावंडे दोन-तीन. बाप कामावरून येईपर्यंत फोन नाही आणि आल्यावर रिचार्ज संपलेला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हे आपण सर्वांनी सोसले आहे.

दुसरी अडचण भाषेची. कोर्स इंग्रजीत असला की मुलगी व्हिडिओ समजून घेते, पण दोन वाक्ये लिहिताना थिजते. स्पेलिंग चुकले तर लोक काय म्हणतील? मराठीत असला तरी "माझी भाषा शुद्ध नाही" हा सल असतोच.

तिसरी अडचण सर्वांत खोल. चर्चेत जे लिहाल त्याच्यापुढे तुमचे पूर्ण नाव उमटते. आडनाव उमटते. वर्गात मागच्या बाकावर दडून बसता येते, इथे ती सोय नाही. आपल्या मुलामुलींना ठाऊक असते की, आडनाव वाचून ऐकणाऱ्याचा चेहरा बदलू शकतो. ही मुले गप्प बसतात ती काही सांगायला नाही म्हणून नव्हे. सांगितल्यावर काय होईल, याचा भरवसा नसतो म्हणून.

राजाची चर्चा आणि विद्वानाची चर्चा

इथे आम्हांला मिलिंदप्रश्नातला एक प्रसंग आठवला. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद. त्याला भन्ते नागसेनांशी वाद करायचा होता. नागसेनांनी आधी अट घातली. विद्वानांसारखी चर्चा करणार असाल तर मी बोलतो, राजांसारखी करणार असाल तर नाही. राजाने विचारले, दोन्हींत फरक काय? नागसेनांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, विद्वान एकमेकांचे मुद्दे उलगडतात, खोडतात, चूक दाखवली तर कबूल करतात आणि रागावत नाहीत. राजे एक मत मांडतात आणि जो विरोध करील त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंदाने विद्वानांची रीत मान्य केली, निर्धास्तपणे बोला म्हणाला आणि मगच प्रश्नोत्तरे सुरू झाली. बाबासाहेबांनी औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला याच मिलिंदाचे नाव दिले, हे आपण जाणतोच.

आमच्या कोर्सची फसगत नेमकी इथे होती. आम्ही नियम न ठरवताच चर्चा उघडली. बोलल्यावर शिक्षा नाही, हसणे नाही, असा शब्द आम्ही कोणालाच दिला नव्हता. मग अंगठ्यापलीकडे कोण जाणार?

दुसरी तुकडी

आम्ही तोच कोर्स पुन्हा घ्यायचे ठरवले. पाठ तेच, व्हिडिओ तेच. फक्त बोलण्याची घडी बदलली. ती मुलगीही पुन्हा बसली. या वेळी आमच्या वस्तीबाहेरच्याही काही बाया होत्या. वेगवेगळ्या समाजांच्या, वेगवेगळ्या गावच्या.

कोर्स सुरू होण्याआधीचे चार दिवस आम्ही केवळ ओळखीला दिले. प्रत्येकीने एक आवाजी निरोप पाठवायचा : तुम्हांला काय नावाने हाक मारायची आणि तुमच्या घरात सकाळी सर्वांत आधी कोण उठते? लिहायची सक्ती नाही. बोलून पाठवले तरी चालेल, आपल्या बोलीत चालेल. ग्रुपवर नावापुढे आडनाव लावायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. पहिल्याच दिवशी नागसेनांची अट आम्ही साध्या शब्दांत सर्वांना ऐकवली. मत खोडा, माणूस खोडू नका. चूक झाली तर कबूल करा. कोणाच्या घरावर, भाषेवर, ताटावर हसायचे नाही.

नंतर मोठा ग्रुप मोडून सहा-सहा जणींच्या तुकड्या केल्या. चाळीस जणींत प्रत्येकीला वाटते, दुसरी कोणीतरी बोलेल. सहा जणींत आपली गैरहजेरी आपल्यालाच टोचते. अमेरिकेतल्या फ्रँक लायमन या शिक्षणतज्ज्ञाने १९८१ मध्ये एक सोपी पद्धत सांगितली होती. आधी एकट्याने विचार करा, मग जोडीदाराला सांगा, मग सर्वांना सांगा. आम्ही ती मोबाईलवर आणली. आधी आपल्या जोडीदारणीला आवाजी निरोप, मग सहा जणींच्या तुकडीत. एकदा जोडीदारणीने ऐकून घेतले की दुसऱ्यांदा बोलायचा धीर येतो.

वेळापत्रकही बदलले. पूर्वी आम्ही म्हणायचो, "रविवारपर्यंत उत्तर लिहा." मग सगळ्या जणी रविवारी रात्री दहा वाजता लिहायच्या आणि एकमेकींचे कोणी वाचायचे नाही. आता दोन मुदती ठेवल्या. बुधवारपर्यंत आपले म्हणणे आणि शनिवारपर्यंत दुसऱ्या कोणाच्या तरी म्हणण्याला उत्तर. ठरावीक तासाला सर्वांनी हजर राहायची अट काढून टाकली. कोणी रात्रपाळी करते, कोणी चार घरची धुणीभांडी. ज्याला जेव्हा फोन मिळेल तेव्हा त्याने ऐकावे आणि बोलावे.

आणि सर्वांत मोठा बदल केला तो प्रश्नात. लोहयुक्त पदार्थांची नावे विचारणे बंद. आम्ही विचारले, "तुमच्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते? त्याच्या ताटात काय उरते?"

बाई, त्या एका प्रश्नाने काय झाले!

पहिल्या दिवशी तीनच निरोप आले. दुसऱ्या दिवशी फोन वाजायचा थांबेना. एक म्हणाली, "आई शेवटी जेवते. भाजी संपलेली असते. चटणी-भाकर आणि वर चहा." दुसरी म्हणाली, "आमच्यात मीच. लेकरांचं उष्टं संपवते, वेगळं ताट वाढूनच घेत नाही." तिसरीने तिला विचारले, "जेवल्यावर लगेच चहा घेते का तुझी आई? सिस्टर पाठात म्हणाल्या ना, चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही?" पाठातली माहिती कोणीतरी प्रथमच दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवली होती. आम्ही तिघे जण फोनपाशी बसून ऐकत होतो.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होते. पहिल्या तुकडीला आम्ही हा आकडा पाठ करायला लावला होता. दुसऱ्या तुकडीला तो आपापल्या स्वयंपाकघरात दिसला.

कलेजीचा निरोप

दुसऱ्या आठवड्यात जे घडले ते आम्ही विसरणार नाही. त्या मुलीच्या तुकडीत पालक, बीट, खजूर, बदाम यांवर बोलणे चालले होते. बुधवारी रात्री उशिरा तिचा निरोप आला. आवाज दबका होता. "आमच्यात खजूर-बदाम परवडत नाही. आमच्यात सुकट असते. महिन्यातून दोनदा कलेजी, कधी वजडी. पाठात त्याचं नावच नाही. ते खाल्लेलं चालतं की नाही?"

त्यानंतर तुकडीत शांतता पसरली. रात्र गेली, सकाळ गेली, कोणी काही बोलेना. आम्हांला घाई झाली होती. पण शिक्षक म्हणाले, थोडे थांबू. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गावर्गांतून पाहिले होते की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होतात, गप्प मुलेही बोलू लागतात. मोबाईलवरचे तीन सेकंद म्हणजे एखादा दिवस. पण थांबणे वेगळे आणि पोरीला एकटी सोडणे वेगळे. दुपारपर्यंत वाट पाहून सिस्टरांनी उत्तर दिले.

त्या म्हणाल्या, "हा प्रश्न आम्हीच पाठात घ्यायला हवा होता. तो राहिला, ही आमची चूक. कलेजीत लोह भरपूर असते आणि मांस-मासळीतले लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा शरीर जास्त घेते. एक मात्र ध्यानात ठेवा. गरोदर बाईने कलेजी टाळावी, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असते, ते बाळाला बाधते. आता मला सांगा, ज्या घरी मांस-मासळी खात नाहीत त्यांनी काय करावे?"

सिस्टरांनी तीन गोष्टी केल्या. चूक कबूल केली, नेमकी माहिती दिली आणि प्रश्न पुन्हा बायांच्या हाती सोपवला. संध्याकाळी सोलापूरकडच्या एक ताई बोलल्या, "आम्ही माळकरी. आमच्यात चालत नाही. पण डाळीवर लिंबू पिळून खाल्लं की लोह अंगी लागतं, असं पाठात ऐकलं." त्यावर दुसरी म्हणाली, "आमच्याकडेपण सुकट असते, मी लिहायला लाजत होते." तिसरीने विचारले, "वजडी साफ कशी करायची गं?" आणि त्या माळकरी ताई म्हणाल्या, "तुमचं तुम्ही खा, आमचं आम्ही खातो. पण आई शेवटी जेवते ते दोन्हीकडे सारखंच."

हे वाक्य आमच्या कोणत्याही पाठात नव्हते. चार मते जोडून त्या बायांनीच ते काढले. गॅरिसन वगैरे मंडळी ज्याला निष्कर्षापर्यंत पोचणे म्हणतात, ते हेच असावे.

सगळे गोड झाले असे मात्र समजू नये. तिसऱ्या आठवड्यात दोन तुकड्या थंडावल्या. एका तुकडीत एकच बाई इतकी बोलायची की बाकीच्या गप्प झाल्या. तेव्हा आम्ही दर आठवड्याला एकीला बोलणे सुरू करण्याचे आणि दुसरीला शेवटी सार सांगण्याचे काम वाटून दिले. सार सांगणारीला सगळ्यांचे ऐकावेच लागते. जास्त बोलणाऱ्या त्या बाईंना पहिल्यांदा तेच काम दिले. त्या हसून म्हणाल्या, "मला गप्प करायची चांगली युक्ती काढली!"

शिकवणाऱ्यांसाठी

आपल्या समाजात आज अनेक शिक्षक, नर्सताई, वकील, इंजिनिअर मोबाईलवरून मुलांना शिकवतात. त्यांना आमचे सांगणे असे.

ज्याचे उत्तर पाठात तयार आहे, तो प्रश्न चाचणीत विचारा, चर्चेत नको. चर्चेचा प्रश्न असा हवा की प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल आणि उत्तरासाठी स्वतःच्या घराकडे, कामाकडे, वस्तीकडे पाहावे लागेल. आता तर मोबाईललाच विचारले की तयार निबंध मिळतो. पण "तुमच्या घरी शेवटी कोण जेवते" याचे उत्तर कोणत्याही यंत्राला ठाऊक नसते.

प्रश्न पाठाला चिकटून ठेवा. इंग्लंडच्या ओपन युनिव्हर्सिटीने उभ्या केलेल्या 'फ्यूचरलर्न'च्या कोर्समध्ये प्रत्येक धड्याखालीच बोलण्याची जागा ठेवली गेली. वेगळ्या खोलीत बोलायला बोलावले की येणारे कमी होतात.

पहिल्या दोन दिवसांत बोलणाऱ्या प्रत्येकाला नावाने उत्तर द्या. मग हळूहळू मागे सरा. प्रत्येक निरोपाला तुम्हीच उत्तर देत राहिलात तर विद्यार्थी तुमच्याशीच बोलतील, एकमेकांशी नाही. आठवड्याच्या शेवटी मात्र कोण काय म्हणाले, याचे पाच-सहा ओळींचे सार सांगा. आपले म्हणणे सरांनी लक्षात ठेवले, हे कळणे कोणत्याही गुणापेक्षा मोठे.

गुण द्यायचेच तर निरोपांची संख्या मोजू नका. दोन निरोप सक्तीचे केले की दोन अंगठे मिळतात. दुसऱ्याच्या म्हणण्यात तुम्ही काय भर घातली, याला गुण द्या.

विद्यार्थ्यांसाठी आणि घरच्यांसाठी

मुलामुलींनो, मोठ्या कोर्समध्ये तुमच्या हाती नियम नसतात, हे खरे. पण तिथेही एक गोष्ट करता येते. रोज एक प्रश्न लिहा आणि दुसऱ्या एकाच्या प्रश्नाला उत्तर द्या. "छान" लिहायचे असेल तर पुढे "कारण" जोडा. "छान, कारण माझ्या घरी असे घडले." एवढ्याने बोलणे सुरू होते. इंग्रजी मोडके असले तरी चालेल. लगेच उत्तर द्यायची सक्ती नसते, म्हणून वहीत लिहून, कोणाला दाखवून, मग टाका. वर्गात हात वर करायला लाजणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे.

तुमच्या कोर्समध्ये चर्चा मेलेली असेल तर ती बाहेर जिवंत करा. एकच कोर्स तिघे-चौघे मिळून करा. रविवारी सकाळी विहारात वंदनेनंतर अर्धा तास बसा आणि आठवड्याचा पाठ एकमेकांना समजावून सांगा. त्याला पैसा लागत नाही.

आई-वडिलांनो, तुम्हांला वाटेल, आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय मदत करणार? तुम्ही एवढेच करा. रात्री भाकरी थापताना, ताट वाढताना मुलाला विचारा, "आज काय शिकलास? मला कळेल असं सांग." सांगताना तो अडखळला की समजावे, तिथे त्यालाही नीट कळलेले नाही. आणि मुलगी फोनवर बोलते आहे म्हणून ओरडण्याआधी ती कशावर बोलते आहे ते ऐका. अभ्यासाचे बोलणे हाही अभ्यासच आहे.

सेमिनारमधला एक विद्यार्थी

बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना त्यांनी जातिसंस्थेवरचा आपला पहिला महत्त्वाचा निबंध लिहिला. 'भारतातील जाती' म्हणून आपण तो ओळखतो. तो निबंध कुठे जन्मला? ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी तो वाचला. सेमिनार म्हणजे चर्चेचा वर्ग. पंचवीस वर्षांचा एक तरुण परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्या समाजाच्या दुखण्यावर बोलायला उभा राहिला. पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. नुसते वाचून, परीक्षा देऊन ते परत आले असते, तर पदवी मिळाली असती. पण बोलायला जागा मिळाली आणि त्या जागेचे त्यांनी सोने केले. आपल्या मुलांना पदवीसोबत ती जागाही मिळाली पाहिजे, मग कोर्स चार वर्षांचा असो की चार आठवड्यांचा.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. नोकरी तिला अजून मिळालेली नाही. खोटे कशाला सांगायचे? पण महिन्यातून एकदा ती सिस्टरांबरोबर वस्तीतल्या गरोदर बायांना भेटायला जाते. "लोहयुक्त आहार घ्या" असे ती आता म्हणत नाही. खाली बसते आणि विचारते, "ताई, काल रात्री तुम्ही काय जेवलात? सगळ्यांबरोबर की शेवटी?"

तिची आई परवा विहाराच्या पायरीवर भेटली. म्हणाली, "सिस्टर, पोरगी फार बोलायला लागली हो. माझ्या आधी जेवायलाच बसत नाही. म्हणते, आई, तुझं ताट वाढ आधी."

जयभीम!